बूच का लावायचं? वस्तुमानाच्या हिशोबाचा इतिहास, माहुलमार्गे

शाळेत एक प्रयोग असतो. शंकुपात्रात सोडियम सल्फेटचं द्रावण घ्यायचं, छोट्या परीक्षानळीत बेरियम क्लोराइडचं, ती नळी दोऱ्याने आत लटकवायची, वर बूच लावायचं आणि वजन करायचं. मग पात्र तिरकं करून दोन्ही द्रावणं मिसळायची. पांढरा साका तयार होतो. पुन्हा वजन केलं की ते तेवढंच भरतं. म्हणून द्रव्य अक्षय्यतेचा नियम सिद्ध. दोन मार्क पक्के, पुढचा धडा.

आता एक प्रश्न. या प्रयोगात बूच कशासाठी? अभिक्रियेत बेरियम सल्फेटचा साका खाली बसतो आणि मीठ द्रावणात राहतं. वायू तयारच होत नाही. म्हणजे बूच नसतं तरी वजन जवळजवळ तेवढंच आलं असतं. हाच प्रयोग खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन उघड्या पात्रात करून बघा. ८.४ ग्रॅम सोडा पूर्ण संपला तर ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याचा बहुतेक भाग हवेत जातो. वजनकाटा सरळ सांगतो की वस्तुमान कमी झालं. नियम तोच आहे, बूच तेवढं नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा ब्लॉग आहे, म्हणून आज या बुचाबद्दल लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा इतिहास म्हणजे 'भांडं कुठे बंद करायचं आणि तराजू किती बारीक हवा' या दोन प्रश्नांचा इतिहास आहे. आणि हा इतिहास अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये संपला नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, माहुलमध्ये, तो आजही चालू आहे.

माहुल म्हणजे कुठलं?

चेंबूरच्या दक्षिणेला, खाडीला लागून असलेलं हे जुनं कोळीवाड्याचं गाव. पक्षी बघणाऱ्यांना शिवडी-माहुलची चिखलपट्टी फ्लेमिंगोंमुळे माहीत असते. बाकीच्यांना माहुल आठवतं ते रिफायनऱ्यांमुळे. स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला, बर्मा-शेलचा १९५५ मध्ये. राष्ट्रीयीकरणानंतर, १९७४ मध्ये पहिल्याचं हिंदुस्तान पेट्रोलियम झालं आणि १९७६ मध्ये दुसरा सरकारकडे येऊन पुढे भारत पेट्रोलियम म्हणून ओळखला जाऊ लागला. शेजारी खतांचा कारखाना, औष्णिक वीज केंद्र, तेल आणि रसायनं साठवणाऱ्या टाक्या. डोंगराच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र.

या सगळ्याच्या मधोमध माणसं राहतात. आधीपासूनचे कोळी आणि आगरी, आणि नंतर शहरातल्या वेगवेगळ्या प्रकल्पांमुळे घरं गेलेले लोक. त्यांच्यासाठी इथे सतरा हजारांहून अधिक घरांची वसाहत बांधली गेली. २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडली तेव्हा तिथल्या अनेक कुटुंबांना इथेच पाठवण्यात आलं.

आता नियम इथे लावून बघू. जहाजातून कच्चं तेल येतं. पेट्रोल, डिझेल, गॅस, नाफ्था, डांबर, गंधक बाहेर जातं. आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. विकलेल्या मालाची बेरीज आत आलेल्या तेलाएवढी होत नाही, ती कमी भरते. मग ही तूट गेली कुठे? हा प्रश्न विचारायला माणसाला बराच काळ लागला. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

एकसष्ट पौंड गेले कुठे?

व्हान हेल्माँट हा ब्रसेल्सचा वैद्य. त्याचे ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापले गेले. त्याचा विलोच्या झाडाचा प्रयोग तुम्ही वाचला असेल. २०० पौंड सुकी माती, ५ पौंडांचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. शेवटी झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं.

याच माणसाने दुसरा एक हिशोब केला होता. ६२ पौंड कोळसा जाळला की राख उरते १ पौंड. उरलेले ६१ पौंड नष्ट झाले असं तो म्हणाला नाही. ते भांड्यात धरून ठेवता न येणाऱ्या एका द्रव्यात गेले, असं त्याने मानलं आणि त्या द्रव्याला नाव दिलं 'गॅस'. आपण रोज वापरतो तो शब्द अशा एका तुटीच्या हिशोबातून आला आहे.

गंमत बघा. कोळशाच्या हिशोबात त्याने हवेत गेलेलं द्रव्य पकडलं. झाडाच्या हिशोबात मात्र हवेतून आलेलं द्रव्य त्याच्या नजरेतून सुटलं. झाडाच्या सुक्या वजनातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, म्हणजे त्यानेच नाव दिलेल्या त्या 'गॅस'मधून. एकाच माणसाने खर्चाची बाजू तपासली आणि जमेची बाजू अर्धी सोडली. हिशोबाची हद्द कुंडीच्या काठाशी आखली, पण हवा काठावरून आत-बाहेर करत होती.

बॉइलने बूच आधी काढलं

उलटा प्रश्न धातूंचा होता. कथिल हवेत तापवलं की त्याची पांढरी भुकटी होते आणि वजन वाढतं. फ्रान्समधल्या झाँ रे या वैद्याने १६३० मध्येच लिहिलं होतं की ही वाढ हवेमुळे आहे. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

१६७३ मध्ये रॉबर्ट बॉइलने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने धातू काचेच्या बंद पात्रात तापवला, म्हणजे भांडं बंद करण्याची कल्पना त्याला सुचली होती. पण त्याने वजन केलं ते पात्र उघडल्यानंतर. उघडताना हवा आवाज करत आत शिरली, हे त्याने नोंदवलंसुद्धा. तरीही निष्कर्ष असा काढला की आगीचे सूक्ष्म कण काचेतून आत जाऊन धातूला चिकटतात.

इथे थांबून विचार करा. साहित्य बरोबर, निरीक्षण बरोबर, नोंद प्रामाणिक. चुकला तो फक्त क्रम. आधी वजन आणि मग उघडणं, असं केलं असतं तर आगीच्या कणांचं म्हणणं तिथेच पडलं असतं, कारण बंद पात्राचं वजन बदललेलं दिसलं नसतं. रशियात लोमोनोसोव्हने १७५६ मध्ये नेमकं हेच करून बघितलं. बंद पात्रात धातू तापवला आणि न उघडता वजन केलं. वजन तेवढंच राहिलं. पण ही बातमी पश्चिम युरोपपर्यंत नीट पोचलीच नाही.

करवसुली करणारा रसायनशास्त्रज्ञ

आंत्वान लव्हाझिए १७६८ मध्ये राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या मंडळीत भागीदार झाला. दिवसाचा मोठा भाग जमाखर्चात जायचा, उरलेला प्रयोगशाळेत. ही सवय त्याच्या रसायनशास्त्रात उतरली, असं इतिहासकार नेहमी सांगतात आणि ते पटतं. आपल्याकडे गणित सोडवलं की ताळा करून बघतात. लव्हाझिएने रसायनशास्त्राला ताळा शिकवला.

१७७४ मध्ये त्याने कथिलाचा प्रयोग पुन्हा केला. पात्र बंद केलं, वजन केलं, तापवलं, गार होऊ दिलं आणि न उघडता वजन केलं. फरक नाही. मग उघडलं. हवा आत शिरली आणि वजन वाढलं. शेवटी धातूची वाढ वेगळी मोजली. आत शिरलेल्या हवेचं वजन आणि धातूची वाढ जवळपास सारखी निघाली. म्हणजे धातूने आतली हवा घेतली होती आणि बाहेरच्या हवेने ती जागा भरून काढली. बॉइलने ऐकलेल्या त्याच आवाजाचं आता वजन झालं होतं.

नियमाचं स्पष्ट विधान मात्र कथिलाच्या प्रयोगात नाही. ते आहे १७८९ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात, साखरेपासून दारू होते त्या प्रकरणात. (या पुस्तकातली उपकरणांची चित्रं त्याची पत्नी मारी-आन हिने काढली होती.) आणि ते विधान तो सिद्ध झालेला निष्कर्ष म्हणून मांडत नाही. गृहीत म्हणून मांडतो. अभिक्रियेच्या आधी आणि नंतर द्रव्य सारखंच असतं हे धरून चालल्याशिवाय रसायनशास्त्रात हिशोबच करता येणार नाही, असा त्याचा सूर आहे. म्हणजे नियम आधी, आणि त्याच्या आधाराने न मोजता आलेली गोष्ट वजाबाकीने काढायची.

आता त्याचे आकडे बघा. ४०० लिव्र पाणी, १०० लिव्र साखर, १० लिव्र यीस्ट, एकूण ५१० लिव्र जमा. (एक लिव्र म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी.) आंबवणं झाल्यावर सुमारे ४ लिव्र साखर उरली, म्हणजे सुमारे ९६ खर्च झाली. त्यातून अल्कोहोल सुमारे ५८, कार्बन डायऑक्साइड सुमारे ३५, थोडं ॲसिटिक आम्ल, बाकी पाणी वगैरे. खर्चाची बेरीज? बरोबर ५१०. ताळा जमला.

आज आपण समीकरण मांडून हिशोब केला तर ९६ भाग साखरेतून जास्तीत जास्त ५१-५२ भाग अल्कोहोल मिळू शकतं, आणि कार्बन डायऑक्साइड ४९ च्या आसपास यायला हवा. म्हणजे लव्हाझिएचं अल्कोहोल जास्त, वायू खूपच कमी. बेरीज अचूक आणि बेरजेतले आकडे चुकलेले!

हे वाचून लव्हाझिएला नावं ठेवायची नाहीत. त्याने प्रश्न योग्य विचारला आणि पुढच्या शंभर वर्षांनी त्याचे आकडे सुधारले. पण आपल्यासाठी इथे मोठा धडा आहे. ताळा जमणं ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. एखादा आकडा वजाबाकीने काढला असेल तर ताळा आपोआपच जमतो. तो जमला याचा पुरावा म्हणून काहीही उपयोग नसतो.

एक कोटीत एक

पुढचं शतक तराजूचं. नियम खरा की फक्त 'बराच खरा', हे कोणी तपासलं? बर्लिनच्या हान्स लांडोल्टने. १८९० च्या सुमारास सुरुवात करून १९०८ पर्यंत तो हेच करत राहिला. इंग्रजी 'यू' आकाराच्या काचनळीच्या दोन भुजांत दोन द्रावणं, तोंडं वितळवून बंद, वजन, मग नळी कलती करून मिश्रण, पुन्हा वजन. अशा पंधरा अभिक्रिया.

सुरुवातीला त्याला काही वेळा वजन किंचित घटलेलं दिसलं. इथे घाई केली असती तर 'नियम मोडला' म्हणून नाव झालं असतं. त्याने आधी काचेकडे बघितलं. अभिक्रियेच्या उष्णतेने नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचा ओलावा उडत होता. शिवाय काच किंचित प्रसरण पावून मूळ आकाराला यायला वेळ घेत होती, त्यामुळे हवेचं उत्प्लावन बदलत होतं. या दोन्ही गोष्टी सावरल्यावर फरक जवळपास एक कोटीत एक भाग इतक्या मर्यादेत आला. मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठा फरक सापडला नाही. वीस वर्षांच्या कामाचं हे फळ. 'काही सापडलं नाही' हा निकाल किती मोलाचा असू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

लांडोल्टचं काम चालू असतानाच, १९०५ मध्ये आइनस्टाइनने ऊर्जा आणि वस्तुमान यांचं नातं मांडलं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो: मग रासायनिक अभिक्रियेत वस्तुमान अक्षय्य राहतं की नाही? उत्तर आकड्यांत द्या. एक किलो पेट्रोल जळताना साधारण साडेचार कोटी ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की मिळतो अर्धा मायक्रोग्रॅम. किलोमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे दोनशे कोटींत एक. लांडोल्टच्या तराजूला हे दिसणं शक्यच नव्हतं.

माहुलच्या डोंगरापलीकडे मात्र प्रकार वेगळा. तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, बर्मा-शेलनंतर दीड वर्षाने. एक किलो युरेनियम-२३५ चं पूर्ण विखंडन झालं तर सुमारे ०.९ ग्रॅम वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतं. डोंगराच्या एका बाजूला किलोमागे जवळजवळ एक ग्रॅम, दुसऱ्या बाजूला किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणून रिफायनरीच्या हिशोबात तूट दिसली तर आइनस्टाइनला मध्ये आणायचं कारण नाही. ते द्रव्य कुठेतरी आहेच.

रिफायनरीचा ताळेबंद

रासायनिक अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात 'मटेरियल बॅलन्स' शिकवतात. मराठीत त्याला द्रव्याचा ताळेबंद म्हणू. जमा वजा खर्च बरोबर साठ्यात पडलेली भर. आपल्याकडच्या रिफायनऱ्यांच्या या ताळेबंदात एक रकाना असतो, 'फ्युएल अँड लॉस'. इंधन आणि घट. आपल्याला शोधायची ती तूट या रकान्यात असते. हे दोन शब्द एकत्र लिहिले जातात, पण त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

इंधन म्हणजे रिफायनरीने स्वतःच्या भट्ट्यांत जाळलेलं तेल आणि वायू. ते नष्ट झालं नाही. उलट वाढलं! साधारण एक टन हायड्रोकार्बन जळायला ३.४३ टन ऑक्सिजन लागतो आणि धुराड्यातून ३.१४ टन कार्बन डायऑक्साइड व १.२९ टन पाण्याची वाफ बाहेर पडते. दोन्हीकडची बेरीज ४.४३ टन. हा हिशोब व्हान हेल्माँटच्या झाडासारखाच आहे. हवा मोजली नाही तर 'एक टन घटलं' असं दिसतं. हवा मोजली तर कळतं की एक टन जाळून तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड आकाशात गेला.

गंधकाचंही तसंच. कच्च्या तेलातला गंधक कुठल्याही प्रक्रियेने नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे पेट्रोल-डिझेलमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक चालत नाही. मग काढलेला गंधक गेला कुठे? हायड्रोजनशी संयोग करून तो हायड्रोजन सल्फाइड होतो आणि क्लॉस प्रक्रियेने त्याचा पिवळा घन गंधक करून विकतात. त्यातून सुटून जळालेला प्रत्येक किलो गंधक दोन किलो सल्फर डायऑक्साइड बनून हवेत जातो. एकूण वस्तुमानाऐवजी एकेका मूलद्रव्याचा ताळेबंद मांडला की लपायच्या जागा बऱ्याच कमी होतात. ही युक्ती लक्षात ठेवा, प्रयोगशाळेतही फार उपयोगी पडते.

राहिली 'घट'. ही खरी अवघड गोष्ट. टाकीत पेट्रोल भरलं की वरची वाफ बाहेर ढकलली जाते. दिवसा ऊन तापलं की टाकी वाफ सोडते, रात्री गार झाली की हवा आत घेते. जहाजात किंवा टँकरमध्ये माल भरताना जेवढा द्रव आत जातो तेवढ्याच आकारमानाची बाष्पमिश्रित हवा बाहेर येते. पंपांची सील, झडपा, पाइपांचे जोड, सांडपाण्याचे हौद. या सगळ्यांतून निघणाऱ्या बाष्पांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगं, म्हणजे व्हीओसी म्हणतात. बेंझीन, टोल्युइन, झायलीन त्यातलीच. उपाय माहीत आहेत: द्रवावर तरंगणारं छत, बाष्प परत गोळा करणारी यंत्रणा, गळती शोधण्याच्या नियमित फेऱ्या. म्हणजे पुन्हा बूचच, फक्त खूप मोठं.

तराजूला न दिसणारा किलो

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. कागद-पेन घ्या.

माहुलच्या दोन रिफायनऱ्यांपैकी मोठीची क्षमता वर्षाला १ कोटी २० लाख टन. समजा, आत येणारं आणि बाहेर जाणारं तेल मोजण्यात सगळी मिळून फक्त ०.२ टक्के अनिश्चितता आहे. (हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे. पण टाकीतली पातळी, तापमान, घनता, तेलातलं पाणी या सगळ्यांतून वजन काढायचं असतं, त्यामुळे याहून फार चांगलं जमणं कठीण.) ०.२ टक्के म्हणजे वर्षाला २४ हजार टन, दिवसाला साधारण ६५ टन. लक्षात घ्या, एवढं हवेत जातं असं मी म्हणत नाही. एवढ्या धुक्यामागचं काहीही या ताळेबंदाला दिसणार नाही, एवढंच म्हणते आहे.

दुसरी बाजू. भारताच्या २००९ च्या हवेच्या मानकांनुसार बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा आहे घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम. एक किलो बेंझीन म्हणजे १०० कोटी मायक्रोग्रॅम. त्याला पाचने भागा. २० कोटी घनमीटर. म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि २०० मीटर उंच अशी हवेची पेटी एक किलो बेंझीनने मर्यादेपर्यंत भरते. वारा असला की पेटी सतत रिकामी होते. रात्री वारा पडला आणि जमिनीलगतची हवा वर मिसळली नाही, तर होत नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ताळेबंदाला दिवसाला ६५ टनांच्या आतलं दिसत नाही आणि वस्तीतल्या फुप्फुसांना एकेक किलो मोजावा लागतो. पासष्ट हजार पटींचं अंतर. तरीही नियम कुठेही मोडलेला नाही. 'आमचा ताळेबंद जमतो' आणि 'आम्हाला श्वास घेता येत नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मग नाकावर विश्वास ठेवायचा का? अर्धाच. मरकॅप्टनसारखी गंधकयुक्त संयुगं नाकाला अब्जांश प्रमाणातही कळतात, म्हणून तर घरगुती गॅसमध्ये वासासाठी ती मिसळतात. बेंझीनचा वास मात्र मर्यादेच्या हजारपट आणि त्याहून जास्त झाल्याशिवाय येत नाही. वास आला म्हणजे काहीतरी सुटलं आहे हे नक्की. वास नाही म्हणजे हवा ठीक आहे, असं मात्र म्हणता येत नाही. म्हणून वजाबाकी सोडून हवेचा नमुना थेट घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजावाच लागतो. लव्हाझिएच्या कार्बन डायऑक्साइडचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो: बाकी म्हणून काढलेला आकडा आणि मोजलेला आकडा एक नव्हेत.

हद्द कोणी आखायची?

माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने हवेच्या स्थितीमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. केईएम रुग्णालयाची पाहणीही त्यांच्यासमोर होती. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने दोन रिफायनऱ्या आणि साठवणुकीच्या दोन कंपन्या मिळून चौघांना सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितलं. हवेत गेलेले व्हीओसी हा त्या प्रकरणाचा गाभा होता. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पग्रस्तांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही असं सांगून, दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश सरकार आणि पालिकेला दिला होता.

मला यात रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला दिसतं ते असं. कारखान्याच्या वहीत हद्द कुंपणाशी संपते. कुंपणापलीकडे गेलं ते 'घट'. वस्तीतल्या माणसाच्या वहीत हिशोब नेमका तिथूनच सुरू होतो. कारखान्याची घट ही त्याच्याकडची जमा. दोन्ही वह्या एकत्र मांडल्या तरच ताळेबंद पुरा होतो, आणि दुसरी वही ठेवायला साधनं, पैसा आणि माणसं लागतात. ती वही कोर्टापर्यंत पोचवण्याचं श्रेय तिथल्या रहिवाशांना द्यायला हवं.

तुमच्या वहीसाठी

पीएचडीला आलात की हे सगळं छोट्या प्रमाणात रोज भेटेल. म्हणून चार गोष्टी.

एक, प्रयोग सुरू करण्याआधी वहीत हद्द आखा. भांड्याभोवती तुटक रेष काढा आणि तिच्यातून काय आत जातं, काय बाहेर येतं ते बाणांनी दाखवा. नायट्रोजनच्या प्रवाहासोबत उडून जाणारा द्रावकही त्यात आला पाहिजे.

दोन, कुठला आकडा मोजला आणि कुठला वजाबाकीने काढला, हे वेगळ्या रंगात लिहा. सगळे मोजलेले असतील आणि तरी बेरीज ९७ टक्के आली, तर तो चांगला, प्रामाणिक ताळेबंद आहे. एक आकडा वजाबाकीचा असेल आणि बेरीज १०० आली, तर त्या शंभराचा काहीच अर्थ नाही.

तीन, यील्ड १०४ टक्के आलं तर आनंद मानू नका. नियम मोडलेला नाही, पदार्थात द्रावक किंवा पाणी उरलं आहे. निर्वातात सुकवा, वजन करा, पुन्हा सुकवा. वजन दोनदा सारखं आलं की थांबा. लांडोल्टने काचेवरचा ओलावा शोधला होता, आपल्याला निदान फ्लास्कमधला तरी शोधता आला पाहिजे.

चार, आपल्या तराजूची मर्यादा आणि प्रश्नाची गरज यांची तुलना आधी करा. ज्या प्रश्नाला किलो हवा आहे त्याला टनांचा तराजू लावून 'काही आढळलं नाही' असं लिहिणं म्हणजे उत्तर नव्हे.

पुढच्या वेळी कुठलाही शोधनिबंध किंवा पर्यावरण अहवाल वाचाल तेव्हा 'लॉस', 'घट', 'इतर', 'बॅलन्स' असे रकाने शोधा. त्यांच्यापुढे पेन्सिलने एवढंच लिहा: कुठे गेलं, आणि कोणाकडे? उत्तर अहवालात सापडलं नाही, तर कदाचित तुम्हाला पीएचडीचा विषय सापडला असेल.